वायपरच्या मोटरीचा हात

फिटरतात्या यंत्राकडे आधी बघायचे नाहीत, ऐकायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग रडतंय. अजून चार दिस काढंल." पाचव्या दिवशी पंप बंद पडायचाच. देवळालीजवळच्या आमच्या साखर कारखान्यात मोठे साहेबसुद्धा तात्यांचे डोळे उघडेपर्यंत गप्प उभे राहत.

माझे वडील त्याच कारखान्यात उसाच्या मोळ्या टाकणारे मजूर. कामगार वसाहतीत आमची आणि तात्यांची खोली शेजारी-शेजारी. तात्यांनी मला फ्रॉकात असल्यापासून पाहिलेलं. पण मी नगरला इंजिनिअरिंगला गेले आणि त्यांनी मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली. मी लाजून नको म्हटलं, तर म्हणाले, "म्हननार. आमच्या लायनीत इंग्रजी कागद वाचनारं दुसरं कोन हाय?"

मी दुसऱ्या वर्षाला असताना तात्यांच्या बायकोचं, आमच्या काकींचं, उजवं अंग लुळं पडलं. जीव वाचला, पायही थोडा सुधारला. हात मात्र मांडीवर पडून राहिला. काकींना एकाच गोष्टीचं दुःख होतं: स्वतःची वेणी स्वतः घालता येत नव्हती. तात्या घालायचे. काकी आरशात बघून म्हणायच्या, "ही वेनी हाय का मोटरीचा पट्टा?" तात्या सोडून पुन्हा घालायचे.

दिवाळीच्या सुटीत मी कॉलेजच्या लायब्ररीतून एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली. परदेशात लकवा झालेल्या माणसाचा हात रोबो धरतो आणि हलवून परत चालता करतो, असा तो लेख. दोन पानं होती. पहिलं पान मला बरंचसं कळलं. दुसऱ्या पानावर मी अडले. पण ओट्यावर तात्या, काकी, माझे वडील, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वडिलांचा चेहरा अभिमानाने फुललेला. मी झेरॉक्सची घडी घालून म्हणाले, "माणसानं नुसतं बसायचं. सगळं मशीन करतं."

तात्यांनी झेरॉक्स मागून घेतली, त्यातलं चित्र बराच वेळ बघितलं आणि आठ दिवसांत यंत्र उभं केलं. टेम्पोच्या वायपरची जुनी मोटर, बॅटरी, सायकलची चेन आणि हात ठेवायला फळी. फळीवर काकींच्या जुन्या लुगड्याची घडी. मोटर सुरू झाली की हात कोपरातून वाकायचा, सरळ व्हायचा, पुन्हा वाकायचा. "फिटरनं बायकूला वायपर लावला," म्हणून वर्कशॉपमध्ये थट्टा झाली. तात्या म्हणाले, "लावला. आता काच साफ दिसंल."

रोज संध्याकाळी तासभर ते चालायचं. काकी दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तशी त्याच्याकडे बघत. एकदा मला म्हणाल्या, "हात चाललाय आन् मी बसलीया." आम्ही हसलो. आजही एसटीच्या काचेवर वायपर फिरायला लागला की मी मान खाली घालते.

उन्हाळ्यापर्यंत यंत्र चाललं. मोटर थांबली की हात होता तिथेच पडायचा. परीक्षेनंतर मी आमच्या सरांना तो लेख दाखवला. त्यांनी दुसरं पान वाचून सांगितलं, "जोर रुग्णानंच लावायचा. तो कमी पडेल तेवढाच रोबोनं भरून काढायचा. आयता हलवलेला हात काय शिकणार?" आणि सुरुवातीचे महिने सगळ्यांत मोलाचे असतात, असंही म्हणाले.

मी त्याच दिवशी घरी आले. पण चूक माझी, हे सांगायचं धाडस झालं नाही. "नवीन माहिती आलीय," एवढंच म्हणाले. तात्यांनी काही विचारलं नाही. यंत्र खोललं आणि काकींच्या बोटांखाली एक बटण बसवलं. दाबून धरलं तरच मोटर चालायची. काकी घामाने भिजायच्या, दात आवळायच्या. तात्या त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून डोळे मिटून बसायचे. तिसऱ्या आठवड्यात बटण वाजलं. मोटर अर्धा फेरा फिरली. "मी केलं! मी केलं वो!" काकी ओरडल्या, तेव्हा सगळी लाईन दारात जमली.

श्रावणात त्यांना दुसरा झटका आला. त्यातून त्या उठल्या नाहीत.

मी पदवीधर झाले, नोकरीचं पत्र आलं, तेव्हा पेढे घेऊन तात्यांकडे गेले. ते निवृत्त होऊन गावी, खर्ड्याला निघाले होते. सामान बांधलेलं होतं. मला राहवलं नाही. म्हणाले, "तात्या, तेव्हा दुसरं पान मला कळलंच नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. काकींचे सहा महिने माझ्यामुळं गेले."

तात्यांनी पेढा खाली ठेवला.

"चित्रातल्या बाईच्या कपाळाला आठ्या हुत्या," ते म्हणाले. "मला तवाच वाटलं, ही जोर लावतीया. मशीन नुसतं हाताखाली हाय. दोन-तीनदा तुमाला इचारायला आलो बी हुतो दारापत्तुर."

"मग विचारलं का नाही?"

"तुमी शिकलेल्या, मॅडम. मी म्हनलं, आपल्या डोळ्याला काय कळतंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता, तर तो घेऊन तरी मी घरी गेले असते.