लग्रँड ओकरलुंड यांचं ब्राइसवरचं भाषण

सलाइना गावात लग्रँड ओकरलुंड यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एका कुंपणाखेरीज कशालाही धक्का लावला नाही. तेही कुंपण मेव्हण्याचं होतं, तेव्हा ते धरायचं कारण नाही. निवृत्तीनंतर दर ऑगस्टमध्ये घरादाराला व्हॅनमध्ये कोंबायचं आणि ब्राइसपासून आर्चेसपर्यंत सगळं वाळवंट पालथं घालायचं, हा त्यांचा नेम. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नेम. एकदा किल्ली हातातून गेली की माणूस सामानात जमा, असं त्यांचं पक्कं मत होतं.

बायको आर्डिथ हिवाळ्यात वारली. तरी यंदाही ते निघालेच.

"बाबा, मी चालवते ना," मुलगी शॉना म्हणाली.

"आणि मी काय करू, मागे बसून भजनं म्हणू?"

ब्राइसच्या दरीकाठच्या कठड्यापाशी त्यांनी टोपी काढली आणि दरवर्षीचं भाषण सुरू केलं. "बघा ते सुळके! देवाला लाल रंग घाऊक भावात मिळाला असणार. आणि तो डावीकडचा बघा, अगदी आपल्या चर्चचा बिशप. पोट पुढे!"

कुणी हसलं नाही. पहाटे पाऊस झाला होता आणि दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. सुळके राहू देत, कठड्यापलीकडचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

"आजोबा, कुठंय बिशप?" आठ वर्षांच्या ब्रिन्लीनं विचारलं.

लग्रँडनी टोपी घातली. काढली. परत घातली.

शॉनाला आधी हसू फुटलं, मग लक्षात आलं. याच माणसानं सकाळपासून शंभर मैल गाडी हाणली होती, आणि मागे तिची लेक बसली होती. तिनं हात पुढे केला.

"द्या."

"रस्ता पाठ आहे मला."

"माहितेय. द्या किल्ली."

त्यांनी दिली. फार वाईट वाटलं त्यांना, पण दिली.

दुपारी डोंगराच्या धारेवरचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना सरळ दरी. शॉनानं वेग कमी केला. शेजारून लग्रँड सांगू लागले, "आता डावं. हळू. लगेच उजवं. कठडा नाहीये, मधून घे." एकही वळण चुकलं नाही.

"बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"चार वर्षं झाली."

"चार! अहो, मग चालवत कसे होतात?"

"तुझी आई सांगायची ना, इथे बसून. डावं, उजवं, हळू. तुम्हाला वाटायचं, म्हातारी कटकट करतेय."

शॉनाचे डोळे भरून आले. ती गाडी कडेला घेऊ लागली.

"इथे नको," लग्रँड म्हणाले. "इथे थांबायला मनाई आहे. अर्ध्या मैलावर जागा आहे, तिथे थांबू. मग रडू."