माळ पुन्हा पडीक करताना

एवढं शिकून मी नेमकं काय करते, हे शाहूपुरीतल्या आमच्या घरी कुणालाच धड सांगता येत नाही. आईने पाहुण्यांपुरतं एक उत्तर ठरवलंय, "ती जंगलात असते." मी जंगलात नसते, माळावर असते. पण 'माळावर' म्हटलं की पाहुणे आईकडे सांत्वनाला आल्यासारखे बघतात, म्हणून जंगलच बरं.

माझा माळ म्हणजे पन्हाळ्याच्या अलीकडच्या एका गावचं गायरान. काही वर्षांपूर्वी कुणीतरी पुण्य मिळवायला त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावली. हे झाड लावणाऱ्याची अब्रू कधी जाऊ देत नाही. मुरमात जगतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि रस्त्यावरून हिरवं दिसतं. त्याच्या सावलीत गवत तेवढं मेलं. गवत गेलं तशी माळावर अंडी घालणारी पाखरं गेली आणि पाखरांमागे खोकडही गेलं. कागदोपत्री मात्र आधी पडीक असलेली जागा आता हिरवी झाली होती. आमच्या संस्थेला ती पुन्हा पडीक करायची होती, आणि त्या कामावर मला नेमलं होतं.

ग्रामसभेत मी हे समजावून सांगितलं. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी झाडं तोडून पर्यावरण वाचिवणार म्हंता?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि ठरावावर सही केली. गावाला वर्षभर बोलायला विषय मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मदतीला एक मावशी मिळाल्या. साठी ओलांडलेल्या, विहाराच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या. लहानपणी आईबरोबर याच माळावर गवत कापून त्यांनी भारे बाजारात नेले होते. हिवाळ्यात आम्ही आजूबाजूच्या डोंगरउतारांवरून गवताचं बी गोळा करायला लागलो. पहिल्याच दिवशी मी भिंग काढून, गुडघे टेकून एका ओंबीकडे बराच वेळ बघत होते. मावशींनी ओंबी दोन बोटांत चुरडली आणि नाकाशी नेली.

"पवन्या हाय."

पवन्याच होता. भिंग पिशवीत गेलं ते परत फारसं बाहेर आलं नाही. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'क्षेत्रीय निरीक्षणातून गवताच्या प्रजातींची निश्चिती करण्यात आली.' काय लिहिलंय म्हणून मावशींनी विचारलं, तेव्हा मी वाचून दाखवलं.

"म्हंजी कुणी केली?"

"म्हणजे... तुम्हीच."

"मग तसं लिवायचं की."

मी ते वाक्य खोडलं आणि त्यांचं नाव घालून परत लिहिलं. वरच्या ऑफिसातून विचारणा आली की या बाईंची शैक्षणिक पात्रता काय. मी कळवलं, नाक.

उन्हाळ्यात गिरिपुष्प काढायला घेतलं आणि खरी करमणूक सुरू झाली. शहरातले एक निवृत्त वृक्षप्रेमी स्कूटरवरून आले, लांबूनच व्हिडिओ काढला आणि परत गेले. संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभर फिरला. 'पर्यावरणवाली बाईच करतेय झाडांची कत्तल.' आईच्या भिशीच्या ग्रुपवरही आला. तिचा फोन आला.

"तूच हाईस न्हवं त्यात? ओढणी माझी दिसतीय."

तक्रार झाली म्हणून तालुक्याच्या कचेरीतून एक साहेब पाहणीला आले. टोपी सरळ करून त्यांनी छापील तक्ता उघडला.

"तोडलेल्या झाडांच्या जागी काय लावणार?"

"गवत."

"आणि त्याशिवाय?"

"त्याशिवाय काही नाही."

त्यांचं पेन थांबलं. तक्त्यात 'लावलेल्या रोपांची संख्या' असा एक रकाना होता आणि तो मोकळा ठेवायची सोय नव्हती. मी म्हटलं, गवताची काडी न् काडी मोजायला बसले तर माझी निवृत्ती इथेच होईल. त्यांनी जरा विचार केला आणि 'निरंक' असं लिहिलं. सबंध माळभर आम्ही टोपल्याच्या टोपल्या बी पेरणार होतो. त्याची सरकारी नोंद ही अशी झाली.

जूनमध्ये पेरलेलं गवत दोन बोटं वर आलं होतं. त्यात एका मोकळ्या मुरमाड तुकड्यावर माळटिटवीने चार अंडी घातली होती. ही टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे सारखे करते आणि बसते. त्या आठवड्यात मी अक्षरशः बघत बघत पाऊल टाकत होते. अशात एका सकाळी कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस आली. हिरव्या टी-शर्टातली पन्नासएक माणसं उतरली. मागोमाग जेसीबी आला आणि ट्रॉलीतून रोपं आली, वड, पिंपळ आणि गुलमोहर. फलकावर लिहिलं होतं, 'चला, उजाड माळ हिरवा करूया.' परवानगी कुणी दिली ते आजतागायत कळलेलं नाही. सगळ्यांना वाटत होतं दुसऱ्याने दिली असेल.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा अधिकारी सभ्य होता. मी त्याला टिटवीबद्दल सांगितलं.

"अंडी जरा बाजूला ठेवता येतील ना, मॅडम?"

मग मी व्याख्यान दिलं. गवताची मुळं पाणी कशी धरतात, माळ ही ओसाड जागा नसून एक भरलेलं घर कसं आहे, जिथे कधी रान नव्हतंच तिथे ते लादणं कसं चूक आहे. माझा आवाज चढत गेला. हिरवे टी-शर्ट कागदी बशांतून पोहे खात माझ्याकडे बघत होते. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि जेसीबीवाल्याला हाताने खूण केली.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. मला ओलांडून त्या सरळ प्रमुख पाहुण्यांकडे गेल्या. ते कंपनीतले मोठे साहेब होते आणि त्यांच्या पायात पांढरेशुभ्र बूट होते.

"पावणं, तिकडं चिखलात कशाला जातायसा? गेल्या वर्सीचं खड्डं हायत की हितं, रस्त्याकडंला. गाडीपासनं धा पावलं."

साहेबांनी माळाकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं.

सगळी मिरवणूक वळली. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत गेल्या वर्षीच्या वृक्षारोपणाच्या काटक्या अजून उभ्या होत्या, काही नावाच्या चिठ्ठ्यांसकट. त्या उपटून बाजूला टाकल्या, त्याच खड्ड्यांत नवी रोपं बसवली आणि फोटो काढले. अर्ध्या तासात बस निघून गेली. उरलेली रोपं ट्रॉलीतच होती. ती सरपंचांनी शाळेकडे नेली.

मी खूश व्हायला हवं होतं. पण मी चिडले होते. वीस वर्षांचं माझं शास्त्र हरलं होतं आणि बुटांनी बाजी मारली होती.

मावशी म्हणाल्या, "तुमी त्यास्नी पाखरू सांगत बसलायसा. त्यास्नी चालायचं न्हवतं, एवढंच हुतं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'उजाड माळावर फुलणार वनराई'. मागच्या रांगेत मी दिसत होते, बोलताना वर केलेल्या हातासकट. बघणाऱ्याला वाटावं, जयघोष करतेय.

टिटवीची तीन पिल्लं बाहेर पडली. चौथ्या अंड्याचं काय झालं ते कळलं नाही. दिवाळीपर्यंत गवत गुडघ्याच्या वर गेलं आणि गावातली जनावरं राखणारी मंडळी विळे घेऊन आली. मी म्हटलं, बी पडेपर्यंत थांबा. एक म्हशीवाले काका पुढे होते.

"बी पडंस्तर म्हशीनं काय पेपर वाचत बसायचं?"

त्यांचं बरोबर होतं. अर्धा माळ आता कापायचा आणि अर्धा बी पडल्यावर, असं ठरलं. लोकांनी ते पाळलं, जवळजवळ. थंडीत कापलेल्या बाजूला धाविक पक्ष्यांची जोडी आली. लांब पायांवर चार पावलं पळायची, थबकायची, परत पळायची. मी वहीत नोंद केली आणि मावशींना दाखवली. त्यांनी लहानपणी हे पाखरू पाहिलं होतं, त्याला नाव असतं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. इथे एकदाचा माझा काहीतरी उपयोग झाला.

माघात म्हशीवाले काका रिकामं पोतं घेऊन आले.

"त्या पवन्याचं बी जरा द्या. बांधाला टाकतो."

मी इतकी आनंदले की पाखरांसाठी बांध किती महत्त्वाचे असतात ते सांगायला लागले.

"पाखरांसाठी न्हाय वो. म्हशीला आवडलंय," ते म्हणाले.

मावशींनी त्यांना सांगितलं, बी खोल पुरायचं नाही, शेणमातीत कालवून नुसतं वर भिरकावायचं. काका मान हलवत ऐकत होते. मी पोत्याचं तोंड उघडून धरलं.