मालती सिस्टरची पिशवी

अक्कांनी ओकायला पुन्हा घमेलं मागितलं आणि डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, तुमच्या या नव्या गोळ्या जातात तरी कुठे?"

मी जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात फार्मासिस्ट होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धरणगावकडच्या या अक्कांना स्तनाचा कॅन्सर होता, केमोथेरपी चालू होती. केमोचं औषध रक्तात गेलं की शरीर मेंदूला निरोप धाडतं, बाहेर काढा. उलटीवरची नवी गोळी तो निरोप वाटेतच अडवते. म्हणून ती उलटी होण्याआधी घ्यायची, आणि पुढे दोन-तीन दिवस वेळच्या वेळी. केमोआधीचं इंजेक्शन डॉक्टर स्वतः देत. नंतरच्या गोळ्या वॉर्डातल्या मालती सिस्टर.

पहिला दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवसापासून घमेलं. अक्का अर्ध्या झाल्या होत्या. "असंच चाललं तर पुढचे डोस बंद करावे लागतील," डॉक्टर म्हणाले. डोस बंद म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं.

"साहेब, गोळ्या पोटात जात नाहीयेत, एवढं नक्की."

"मग?"

 मी मालती सिस्टरच्या टेबलाकडे पाहिलं.

गोळी महाग, गावात सहज न मिळणारी; बाहेर विकली तर चांगले पैसे. सिस्टरच्या चार्टवर मात्र प्रत्येक वेळेसमोर बरोबरची खूण. मला त्या खुणाच खटकायला लागल्या. इतक्या नेमक्या कशा? मी स्ट्रिपांवर पेनाने बारीक ठिपके केले आणि वॉर्डाच्या कचऱ्याच्या बादलीत रिकाम्या स्ट्रिपा शोधल्या. सापडल्या. तर वाटलं, मुद्दाम टाकल्या असतील.

एक दिवस सिस्टरने मला बादलीशी पाहिलंच. ड्यूटी संपल्यावर ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

"भाऊ, पिशवी बघायचीय? बघा की." तिने पिशवी माझ्या काउंटरवर पालथी केली. छत्री, कंगवा, डबा. "डबा पण उघडू का? कळण्याची भाकरी आणि ठेचा आहे. ठेच्यात गोळ्या कुटल्या असतील मी!"

आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. माझ्या संशयावरून आठवडाभरात डॉक्टरांनी तिला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. ती धुळ्याला माहेरी गेली.

पुढच्या केमोला नवी सिस्टर होती. दुसऱ्या दिवशी अक्कांनी घमेलं मागितलं.

मग मी स्वतः गोळी घेऊन गेलो. अक्कांनी ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. मी वळल्यासारखं केलं. त्यांचा हात तोंडाकडे गेला, तिथून पदराकडे.

"अक्का, गाठ सोडा."

सुपारीच्या खांडाशेजारी गोळ्या होत्या. ओलसर, एकमेकींना चिकटलेल्या.

"का पण, अक्का?"

त्या गोंधळल्या. "तुम्हीच सांगेल व्हतं ना भाऊ? उलटी व्हयनी म्हंजे औषध लागू पडनं. मंग उलटी बंद करीसन रोग कसा निंघी?"

सांगितलं होतं. पहिल्या केमोला, नवी गोळी आमच्याकडे यायच्या आधी. जुनं इंजेक्शन पुरत नव्हतं. घाबरून त्यांचे मालक, आबा, त्यांना घरी न्यायला निघाले होते. त्यांना थोपवायला मी ते वाक्य फेकलं आणि विसरून गेलो. अक्का विसरल्या नाहीत. तेवढ्यासाठी त्या दिवस दिवस ओकत राहिल्या.

उलटीचा आणि औषध लागू पडण्याचा काही संबंध नसतो, हे मी त्यांना त्या दिवशी खाटेशी बसून समजावलं. आबांना बोलावून पुन्हा समजावलं. गोळ्या पोटात जाऊ लागल्या, तशा उलट्या आवरल्या. राहिलेले सगळे डोस पुरे झाले.

डॉक्टरांना मी गाठीचं आणि उलटीने रोग निघतो या अक्कांच्या विश्वासाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अक्कांना हे असलं शिकवलं कोणी?"

"खेड्यातल्या समजुती, साहेब," मी म्हणालो.

मालती सिस्टरला कोणी परत बोलावलं नाही. मीही विषय काढला नाही; काढला असता, तर ते वाक्य माझं होतं, हेही सांगावं लागलं असतं.

गोळी कशासाठी आहे, हे आता मी पेशंटकडूनच वदवून घेतो. आपण धीर द्यायला बोललेलंही पेशंट औषधासारखंच घेतो. वेळच्या वेळी, न चुकता.