ऑपरेशनच्या आधीची शेवटची सिगारेट

वजन कमी करण्याचं ऑपरेशन जिथे होतं तिथे पेशंट हलके होत जातात आणि स्टाफ जड होत जातो. किश्शांनी! मी पुण्यातल्या एका सर्जनकडे अकरा वर्षं कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर ऑपरेशन करतात आणि त्याआधीची सगळी कटकट मी करते.

त्यातली सगळ्यात मोठी कटकट सिगारेट. ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद, असा आमच्याकडे नियम. भूल दिल्यावर ओढणाऱ्याची फुप्फुसं दगा देतात आणि कापून शिवलेलं जठर नीट भरून येत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, "मी जठराला टाके घालतो, उशीच्या अभ्र्याला नाही. उसवले तर माणूस जातो!" म्हणून तारखेच्या आधी लघवीची तपासणी. तंबाखू सापडली की तारीख रद्द.

वजनकाट्यावर खोटं बोलता येत नाही. ती सगळी हौस मग माणसं माझ्या टेबलावर भागवतात.

*

हिंजवडीहून एक साहेब आले होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात ते यंत्र. खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर केलं, "मॅडम, स्मोकिंग इज ओव्हर. मी सोडली."

मला बरं वाटलं. फॉर्म पुढे ओढला. "छान! कधी सोडली?"

"आत्ताच."

"आत्ताच म्हणजे?"

"खाली. लिफ्टपाशी."

*

जुन्या पुण्यातले एक काका. बँकेतून रिटायर झालेले, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, वजन एकशे अठरा. सिगारेट चाळीस वर्षांची. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. पुण्यात समोरचा चष्मा पुसायला लागला की आपण सावध व्हावं.

"म्हणजे बघा," काका म्हणाले, "सिगारेट सोडली की वजन वाढतं, असं तुमचंच माहितीपत्रक म्हणतं. आणि वजन कमी करायचं तर आधी सिगारेट सोडा, असं आपण म्हणता. तेव्हा आधी तुम्ही आणि तुमचं माहितीपत्रक बसून एकदा ठरवा. मग मला कळवा."

तेवढ्यात डॉक्टर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काका, तुम्ही ओढत राहा," ते म्हणाले. "वजन तसंही कमी होईल. राखेचं फारसं भरत नाही."

काकू शेजारीच बसलेल्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. काकांनी चष्मा परत लावला आणि डॉक्टरांना नखशिखान्त न्याहाळलं.

"आपण मूळचे पुण्याचेच का हो?"

"हो."

"वाटलंच. कुठे सही करायची?"

*

लोणी काळभोरच्या एक मावशी होत्या. मुलगा घेऊन आला होता. मावशींना दहा पावलं चाललं की धाप लागायची. सिगारेटचं विचारलं तर त्या चिडल्याच! "मी? बाईमाणूस? अवं, जन्मात बिडीला हात लावला न्हाय!"

रिपोर्ट आला. तंबाखू भरपूर!

मावशींनी सरळ मुलाकडे बोट दाखवलं. "ह्योच वढत आसंल. त्याचंच माज्यात आलं." मुलगा बिचारा सुपारीसुद्धा खात नाही. तो शपथा घ्यायला लागला. मी दोघांना बसवलं, मावशींना पाणी दिलं. त्यांनी पाणी पिण्याआधी कमरेची डबी काढली, त्यातली काळी पूड बोटावर घेतली आणि हिरड्यांवर चोळायला लागल्या. मिसरी! भाजलेल्या तंबाखूची!

"मावशी, हे काय?"

"ही व्हय? ही दात घासायची हाय. वढायची कुठं हाय?"

"दिवसातून किती वेळा घासता दात?"

"सात-आठ येळा."

"आणि दात किती आहेत?"

मावशींनी जीभ फिरवून हिशेब केला. "पाच."

*

वाफेचं पेन ओढणारा एक पोरगा होता, आयटीतलाच. त्याने मला अर्धा तास समजावलं. "मॅडम, यू आर नॉट गेटिंग इट. यात धूर नाहीच. ही फक्त वाफ आहे."

मी म्हटलं, "मग खिशात इडलीपात्र ठेव. पोट तरी भरेल."

*

आता शोरूमवाले. नाव सांगत नाही, पण रुबाब सांगते. स्वतः कधी फॉर्म भरला नाही, ड्रायव्हरने भरला. स्वतः कधी रांगेत बसले नाहीत, ड्रायव्हर बसला. वजन मात्र नाइलाजाने स्वतः करावं लागलं, एकशे बावन्न. तपासणीच्या दिवशी बाटली घेऊन बाथरूमकडे गेले, जाताना ड्रायव्हरला हाक मारून गेले. मी म्हटलं, आधार लागत असेल.

रिपोर्ट आला. इतकी तंबाखू मी आधी कुणाच्या रिपोर्टात पाहिली नव्हती! साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"शक्यच नाही! लॅब बोगस आहे तुमची! अहो, तो माळकरी माणूस आहे, त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही!"

डॉक्टरांनी विचारलं, "तो कोण?"

साहेब छताकडे बघायला लागले. दारात ड्रायव्हर उभा होता. पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ आणि गालात तंबाखूचा बार.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या बाटलीच्या भरवशावर तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर मेला असतात आणि मी तुरुंगात गेलो असतो. दुसरा सर्जन बघा." साहेब ताडताड निघून गेले.

ड्रायव्हर मात्र जागचा हलला नाही. त्याने गालातला बार बाहेर जाऊन थुंकला, परत आला आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसला.

"मॅडम, वर नाव सायबांचं हाय, पर रिपोर्ट माजा हाय न्हवं? मग मला सांगा की, माज्यात काय काय निघालं."

*

आणि हे वानखेडे. मूळचे अमरावतीचे, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. वय एक्केचाळीस, वजन एकशे शेहेचाळीस. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून तोंडाला मशीन लावून झोपायचे. मुलगी सात वर्षांची. "बाबा श्वास घेतात की नाही ते ती उठून बघते," असं त्यांची बायको मला म्हणाली होती. असा माणूस सिगारेट सोडेल की नाही? दोनदा तारीख दिली, दोनदा रिपोर्टात तंबाखू! दोन्ही वेळा मान खाली घालून खरं सांगितलं, एवढाच काय तो फरक. मी मनात म्हटलं, ह्यांच्याने होत नाही.

तिसऱ्या वेळी मी सगळ्यांना म्हणते तेच त्यांनाही म्हटलं, "तलफ आली की ओढायच्या आधी मला फोन करा." हे म्हणायचं असतं. अकरा वर्षांत कुणी केला नव्हता!

वानखेड्यांनी केला. पहिल्याच दिवशी अकरा वेळा!

पहिले दोन मी उचलले. "पाणी प्या, चक्कर मारा, लवंग चघळा." मग माझी बाकीची कामं कुणी करायची? मी त्यांचं नाव 'वानखेडे उचलू नये' असं सेव्ह केलं आणि फोन सायलेंटवर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवला. सकाळी ऑफिसची बस चुकली की फोन, जेवण झालं की फोन, दुपारी चारला चहाच्या वेळी तर हमखास. सहा आठवडे! मी एकदाही उचलला नाही. रिसेप्शनवरची मनीषा म्हणायची, "अहो, एकदा तरी बोला." मी म्हणायचे, "बोलून काय होणार? ओढायची ती ओढणारच."

रिपोर्ट आला. स्वच्छ. मी लॅबला दोनदा फोन करून खात्री केली.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ते सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डात चालत होते. मला बघून थांबले आणि चक्क हात जोडले.

"मॅडम, तुमच्यानं सुटली."

मला वाटलं, टोमणा. पुण्यात राहून शिकले असणार. मी मान वळवली.

"नाही जी, खरं सांगून राहिलो. फोन लावायचो, रिंग वाजायची. तुम्ही उचलल्यावर काय बोलायचं, ते जुळवत राहायचो. तुम्ही उचलत नव्हत्या. मग पुन्हा लावायचो. तिसऱ्या रिंगेपर्यंत तलफ निघून जायची! उचलायचं नाही, हे तुम्हाला कसं सुचलं मॅडम?"

शेजारच्या बेडवरचा पेशंट आणि त्याचे नातेवाईक कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "अनुभव."

त्याला आता वर्ष होत आलं. वानखेडे अठ्ठावन्न किलोंनी उतरले. मशीन सुटलं. मुलगी आता रात्री उठत नाही. मला मात्र त्या 'अनुभव'ने बरेच दिवस छळलं. एक बरं, ऑपरेशननंतर त्यांचे फोन यायचे बंद झाले होते.

परवा दुपारी चारला पुन्हा वाजला. नाव तेच, 'वानखेडे उचलू नये'. काय वाटलं कोण जाणे, मी हातातली फाइल टाकली आणि पहिल्याच रिंगला फोन कानाला लावला.

"बोला वानखेडे! मी आहे, ऐकतेय. बोला!"

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग वानखेड्यांचा रडवेला आवाज आला,

"काहून उचलला, मॅडम?"