तोतया

तोतया हा शब्द मी लहानपणी कीर्तनातल्या गोष्टीत ऐकलेला. दुसऱ्याचं नाव पांघरून राहतो तो तोतया, एवढंच ठाऊक. पिंपरीच्या चाळीत आल्यावर मात्र हा शब्द शेजारच्या खोलीला चिकटलेला बघितला, आणि चिकटवला आमच्या घरमालकिणीनं.

त्या खोलीत मराठवाड्याकडचं नवं जोडपं होतं. तो कंपनीत, अजून परमनंट व्हायचा होता. एकदा त्यांच्या गावाकडचा एक म्हातारा चाळीत आला, भलत्याच नावानं चौकशी करत. तिनं दारातूनच सांगितलं, असं कुणी इथं राहत नाही. तेवढ्यात नवरा आतून आला आणि म्हाताऱ्याच्या पाया पडला. हे सगळ्या चाळीनं बघितलं. मग काय विचारता. खून करून पळालाय, पहिली बायको टाकून आलाय, ज्याला जे सुचेल ते. मीही पोरं तिच्याकडं ठेवायची बंद केली.

मालकिणीचा भाऊ त्याच कंपनीत सुपरवायझर. तोतया सापडला की त्याच दिवशी गेटबाहेर, हे तीच सांगायची. पण म्हाताऱ्यानं घेतलेलं खरं की कंपनीतलं, हे काढायचं कसं? बायका एरवी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणून भागवतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र उखाण्यात घ्यावंच लागतं. त्या वर्षी ते माझ्याकडं होतं. मालकीण अगदी पुढं येऊन बसली.

"घे गं नाव. सगळ्यांनी घेतलं."

शेजारीण उठून माझ्यापुढं आली. मी कुंकू लावायला पुढं झाले तशी कानाशी पुटपुटली, "वैनी, कंपनीतलं नाव माह्या मेलेल्या दिराचं हाय. नोकरी त्यांना लागली व्हती, ह्ये त्यांच्या जागी आले. कुंकू लावून मेलेल्याचं नाव कसं घेऊ?"

आणि खरं घेतलं तर चूल बंद, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

माझं बोट तिच्या कपाळावर तसंच. मग मी मोठ्यानं म्हटलं, "घेतलं बाई नाव. लाजरी आहे, माझ्या कानात घेतलं."

"काय घेतलं?" मालकिणीनं विचारलं.

"उखाणा ज्याचा त्यानं घ्यायचा. तुमच्या मालकांचं नाव मी घेतलं तर चालेल का?"

बायका हसल्या. मालकीण हसली नाही, तिळगूळ न घेताच उठली. दुसऱ्या दिवसापासून नळावर ती मलाच विचारायला लागली, तुझं माहेर नक्की कुठलं गं, आणि तिकडचं कुणी आजवर इथं आलेलं कसं दिसलं नाही.