सत्काराची शाल

आप्पांना हुडहुडी भरली, म्हणून आईने ट्रंकेतली लोकरी शाल काढली. तिची चाळण झाली होती, घडीत केसाळ अळ्या वळवळत होत्या. संप जिंकल्यावर कामगारांनी दिलेली ती शाल आप्पांनी कधी पांघरली नाही. "ती सगळ्यांची आहे," म्हणत हारासकट ठेवून दिली. या अळ्या ज्यांच्या, ते बारीक किडे फुलांबरोबरच घरात येतात आणि अंधारात पडून राहिलेली लोकर त्यांना आयती मिळते.

"अहो, अधूनमधून झटकू दिली असतीत, ऊन दाखवू दिलं असतंत, तर राहिली असती."

जिंकलेले हक्कही आम्ही असेच घडी घालून ठेवले. आज कारखान्यात सगळे कंत्राटी आहेत.

"असू दे, घाल," आप्पा म्हणाले.

आईने शाल झटकून त्यांच्या अंगावर घातली. भोकाभोकांतून त्यांचा सदरा दिसत होता आणि ते कुडकुडतच होते.