यमाला फसवायचं अंगडं

माझ्या सासूचा यमावर फारसा राग नव्हता. तिच्या मते तो कामाला चोख होता, फक्त डोक्याने मठ्ठ. घरोघर फिरून लेकरं उचलायची म्हणजे घाई असणारच. अशा घाईत कुणाच्या अंगावर नवंकोरं झबलं दिसलं की त्याला वाटतं, हे लाडाचं दिसतं, हेच न्यावं. तेच लेकरू पाच घरून मागून आणलेल्या चिंध्यांच्या अंगड्यात असलं, तर तो नाक मुरडून पुढच्या दाराला जातो. सासूला मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामी म्हणायचे. एकदा विचारलं, "मामी, त्याले कापडाचीच एवढी पारख हाय, तं तो कापडच काहून नाई नेत?" तिने मला चुलीतलं जळतं लाकूड दाखवलं.

हा विषय आमच्या घरात निघायचा, कारण माझी दोन लेकरं गेली होती. पहिला मुलगा. त्याला माझ्या माहेरून नवं झबलं-टोपडं आलं होतं, टोपड्याला लाल गोंडा. तो मान धरायच्या आत गेला. सासू म्हणाली, सांगतलं व्हतं, नवं घालू नको. मग मुलगी झाली. तिच्यासाठी सासूने रीतसर पाच घरं मागून चिंध्या आणल्या, अंगडं शिवलं, आणि ते घालून ती अशी दिसायची की यम काय, मीसुद्धा तिला ओळखलं नसतं. तीही गेली. मग सासूने तपास लावला की पाचांतला एक तुकडा अशा घरचा होता जिथे त्या वर्षी म्हशीचं वगारू मेलं होतं. अंगड्यात खोट निघाली, रीतीत नाही, असं ठरलं आणि रीत पुन्हा कामाला तयार झाली.

नवऱ्याबद्दल सांगते. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणायचे. इथे तो 'तो' आहे, कारण कागद माझा आहे. हंगामात तो आर्णीला कापसाच्या जिनात कामाला जायचा. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यात परत आला. आल्या आल्या घरातले देव पोत्यात भरले आणि अरुणावती नदीत सोडले. मी म्हटलं, पोतं तरी ठेवायचं होतं. धान्याला पोतं नव्हतं आणि देवांना पोहायला पोतं कशाला लागतं? पण तेव्हा तो मस्करीच्या पलीकडे गेला होता. वस्तीतल्या सगळ्याच पुरुषांची तीच गत होती. दोन-चार महिने आमच्याकडे कुणी साधं शिंकलं तरी त्यात अंधश्रद्धा आहे का ते आधी तपासायचे.

दीक्षेनंतर मला तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूने लगेच कंबर कसली. "या टायमाले मी सोता घरं पाह्यतो. म्हशी बी मोजतो," ती म्हणाली. नवरा जेवत होता. त्याने हातातली भाकर ताटात ठेवली.

"मेलेलं ढोर ओढाचं सोडलं आपण," तो म्हणाला. "मेलेल्या मान्सावरचं कापड घ्याचं सोडलं. आता लेकरासाठी चिंध्या मांगाच्या? माह्यं लेकरू नवं घालन. पांढरं."

हे बोलणं मला आवडलं. छाती भरून आली म्हणा ना. पण नवं आणि पांढरं म्हटल्यावर मला एकच कापड आठवत होतं, आणि ते मी दोनदा पाहिलं होतं.

सासू काही मागे हटणारी बाई नव्हती. "तू कशात जगला रे?" तिने विचारलं. "तुह्या आंधी तीन गेले. तुले मी चिंध्यातच वाढवला. अन् हे भोक काय मुंगीनं पाडलं का?"

भोक त्याच्या नाकात होतं. मागची लेकरं गेलेली असली की मुलाचं नाक टोचायचं, म्हणजे यमाला ती पोरगी वाटते. शिवाय नावही असं ठेवायचं की यमाला किळस यावी. दीक्षेनंतर त्याने नाव बदललं होतं, पण नाक आहे तेच राहिलं. रागावला की नाकपुडी फुगायची आणि भोक अगदी लख्ख दिसायचं. त्या दिवशी ते फारच लख्ख दिसलं.

तेव्हापासून आमच्या एका खोलीत दोन पक्ष झाले. मला कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन्ही घाला, एकावर एक घाला, वरून ते पोतं नदीतून काढून आणा आणि तेही घाला, पण हे लेकरू राहू द्या. मला ना रूढी हवी होती ना क्रांती. मला लेकरू हवं होतं.

जन्माच्या आधी कपडा शिवू नये, हा सासूचा आणखी एक कायदा. म्हणून नवऱ्याने मुद्दाम आधी शिवायला घेतलं. शिंप्याकडे गेला नाही. त्याच्या मते बापाच्या हाताला जास्त किंमत होती. जिनात त्याचं एक काम सरकीच्या पोत्यांची तोंडं शिवायचं होतं. शिवण म्हणजे दाभण आणि दाभण म्हणजे शिवण, एवढंच त्याला ठाऊक. आर्णीच्या बाजारातून पांढरं मांजरपाट आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने झबलं शिवलं. सुतळीऐवजी दोरा वापरला, हे त्याचे उपकार. चौकोनी तुकडा, वर एक भोक, बाजूंना दोन. टाके असे की त्यात सरकी भरून मुंबईला पाठवली असती तरी वाटेत एक बी सांडली नसती. घरी येऊन त्याने ते माझ्यापुढे धरलं. चेहरा असा की आता टाळ्या वाजवाव्यात.

"गळा कायच्या मापानं ठेवला?" मी विचारलं.

"मनगटाच्या. लेकराची मान तेवढीच राह्यते."

"अन् डोक्षं?"

डोक्याचा विचार त्याने केलाच नव्हता. पण आता ते मान्य केलं असतं तर सासूचा पक्ष जिंकला असता. "जाईन," तो म्हणाला. "कापड हाय ते, ताणते."

इकडे सासू गुपचूप चिंध्या गोळा करत होती. ढोरं ओढायची बंद केल्यापासून गावातल्या मोठ्या घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं, तिथे चिंधी कोण देणार? म्हणून ती तांड्यावर गेली. तिथल्या बंजारा बायांशी तिचं जुनं मैत्र होतं. एकीने तिला आपल्या फाटक्या चोळीचा तुकडा दिला, त्यावर टिकलीएवढा आरसा शिवलेला. सासू हरखून गेली. नजर आली की आरशावर आपटून लावणारीलाच लागेल, असं तिचं शास्त्र. नवरा जिनात गेला की ती अंगडं बाहेर काढायची आणि तो यायच्या आत तुरीच्या मडक्यात दडवायची. एक मात्र कबूल करते, तिचा हात देखणा होता. चिंधीला चिंधी जोडलेली कुठे बोटाला लागायची नाही.

पौषात, ऐन थंडीत मला मुलगी झाली.

दाईने नाळ कापली, लेकरू पुसलं, माझ्याजवळ दिलं आणि ती चहाला गेली. तेवढ्यात नवरा झबलं घेऊन दारात हजर. सासूने त्याला बाळंतिणीजवळ यायला मनाई केली, पण आता मनाया मानायच्या नाहीत असं ठरलेलं होतं. त्याने झबलं लेकराच्या डोक्यावर ठेवून खाली ओढलं. ते कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. झबल्याचं टोपडं झालं. लेकरू लाल झालं, मग जांभळं. तो आणखी ओढायला लागला तशी सासू हसत सुटली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि त्या उबळीतच तिने मडक्यात हात घालून अंगडं काढलं. चार तुरीचे दाणे जमिनीवर घरंगळले.

"हे कुठून आलं?" नवरा ओरडला.

"तुह्या बापाच्या घरून," सासू म्हणाली, आणि झबलं उपसून तिने लेकराला अंगड्यात घातलं. बंजारणीचा आरसा नेमका छातीवर आला. त्याची कड टोचली आणि लेकरू असं किंचाळलं की दाई चहा टाकून परत आली.

मी खाटेवरून उठून बसले. बाळंतिणीने उठू नये. तिने सासू-नवऱ्यासमोर तोंड वर करून बोलू नये. मी दोन्ही केलं.

"पयलं नव्यात गेलं," मी म्हणाले. "दुसरं चिंध्यात गेलं. तुमचे दोघाईचे कपडे पाहून झाले माह्ये. आता या लेकराच्या आंगाले कोनं कापड लावलं, तं मी हिले घिऊन चालली जाईन."

अंगडं काढलं, लेकराला उघडं माझ्या छातीशी धरलं आणि वरून लुगड्याचा पदर घेतला. त्यामागे काही तत्त्व नव्हतं. आधीच्या मुलीला मी तिच्या अंगड्यात आणि दुपट्यात इतकं नीट गुंडाळलं होतं की ती थंड पडली ते मला कळलंच नाही. मी बाजूला बसून तांदूळ निवडत होते. हिच्या आणि माझ्या मधे आता काही नको होतं. एवढंच माझं शास्त्र.

तो अख्खा हिवाळा माझी लेक नागडी होती. ती माझ्या अंगावर मुतली, मी तिच्यासकट दुसरं लुगडं नेसले. वस्तीतल्या बाया बघायला यायच्या. एक म्हणाली, हे दीक्षेतलं आहे का? दुसरी म्हणाली, हे तर माकडिणीचं आहे. मी दोघींना हो म्हटलं. सासू आणि नवरा यांची मात्र दीक्षेनंतर पहिल्यांदा एकी झाली. दोघं बाहेर ओट्यावर बसून मला किती वेड लागलं आहे यावर बोलायचे. पण नवरा रोज शेगडीला लाकडं आणून टाकायचा, आणि सासू मला गरम भाकर आणि अळिवाची खीर द्यायची, देताना पदरात डोकावायची आणि शिव्या घालत परत जायची.

त्या दोन कपड्यांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. झबल्याचं कापड चांगलं घट्ट होतं, त्यातून सासू चहा गाळू लागली. नवऱ्यानेही तोच चहा प्यायला. अंगडं परत मडक्यात गेलं आणि तिथून उंदरांनी नेलं. उंदरीण त्यात व्याली आणि तिची सगळी पिल्लं जगली, हे सासूने मला पुढे किती वर्षं ऐकवलं असेल, गणती नाही.

उन्हाळ्यात कपड्यांचा प्रश्नच मिटला. आमच्याकडचा उन्हाळा असा की लाज नसती तर सगळ्या गावाने माझ्या लेकीसारखंच राहणं पसंत केलं असतं. पावसाळ्यात ती रांगायला लागली. दिवाळीपर्यंत भिंतीला धरून उभी राहिली, आणि एक दिवस माझा पदर तोंडावरून ढकलून सरळ दाराबाहेर गेली. तिला आता माझ्यात राहायचं नव्हतं. मला राग आला, हसू आलं, आणि पुन्हा तीच जुनी भीती. आता हिला काहीतरी घालावंच लागणार होतं.

या वेळी नवऱ्याने मला विचारलं, कोणतं आणू? मी म्हटलं, छीट आणा, फुलांचं. त्याने आणलं. पिवळ्यावर लाल फुलं, डोळे दिपतील असं. पांढऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी तिच्या अंगाला बोटं लावून माप घेतलं. माप घेतलं की वाढ खुंटते, हा सासूचा कायदा, पण ती नुसतीच खाकरली. झग्याच्या बाह्या जोडल्या, घेराला चुण्या घातल्या. खालची कड दुमडायची तेवढी राहिली.

आणि तिथे माझा हात थांबला. शेजारणींच्या पोरींचे झगे मी पुष्कळ शिवले होते. खाली चांगली रुंद दुमड ठेवायची असते, म्हणजे पोरगी वाढली की पुढच्या वर्षी उसवून झगा लांब करता येतो. माझ्या पहिल्या दोघांच्या कपड्यांना मी कधी दुमड ठेवली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, पण पुढच्या वर्षाची तजवीज करायची माझी छाती नव्हती. आता मी काठ नखाएवढा मुडपला, सुई हातात घेतली, आणि मला टाका घालता येईना.

सासू समोर तूर निवडत बसली होती. ती उठली, माझ्या मांडीवरून झगा ओढून घेतला. मला वाटलं, आता चिंधी लावा म्हणणार. तिने मी मुडपलेला काठ उलगडला, कापड आणखी वर घेतलं, आणखी वर घेतलं, आणि चांगली वीतभर दुमड करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरली.

"मामी, एवढी?" मी म्हटलं.

"पोट्टी बापावर गेली. उंच होईन," ती म्हणाली. "शिव आता. कायले रडून राह्यली?"

ती धरून बसली आणि मी शिवत गेले. पुढच्या दिवाळीला ती सगळी दुमड उसवली, तरी झगा गुडघ्याच्या वरच राहिला.